लाल फुलीची बॅटरी

आबांनी सतरंजीवर दहा बॅटऱ्या ओळीनं मांडल्या, समोर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "यातल्या मेलेल्या किती, तेवढं सांगा."

मी मीटरच्या पिना एकेकीला लावत गेलो. दहावी झाली तेव्हा चष्मा काढून पुसला.

"सगळ्याच," मी म्हणालो.

"मग जिवंत करा. जत्रेला तीन आठवडे आहेत."

गोष्ट वीस वर्षांपूर्वीची. आबा म्हणजे हिंदुराव घाडगे, कडेश्वर देवस्थानचे अध्यक्ष. फौजेतून निवृत्त झालेला माणूस. गावातली कोंबडीसुद्धा त्यांना वेळ विचारून आरवते असं लोक म्हणत. मी तीस वर्षं बोगद्याच्या कामावर वायरलेस मेकॅनिक होतो आणि नुकताच घरी बसलो होतो. बोगदा संपला तेव्हा तिथले दहा जुने वॉकीटॉकी देवस्थाननं घेतले होते. मीच कधीकाळी दुरुस्त केलेले. त्यामुळे त्यांच्या दुखण्याला मलाच बोलावणं आलं.

वॉकीटॉकी कशाला, तर घाटासाठी. कडेश्वराचा डोंगर सरळ उभा, आणि वर जाणारा रस्ता एका गाडीपुरता. सात वळणं. खालच्या नाक्यावर एक माणूस, वरच्या नाक्यावर एक. खालून गाड्या सोडल्या की वरून थांबवायच्या, वरून सोडल्या की खालून. मोबाइलला तिथं आजही रेंज नाही. बोलणं झालं नाही तर दोन्हीकडच्या गाड्या मधल्या वळणावर तोंडाला तोंड लावून उभ्या. आदल्या वर्षी असंच झालं होतं आणि महादेवाची पालखी दोन तास बारशाला निघालेल्या एका मॅटॅडोरच्या मागे उभी होती.

खरं सांगायचं तर नुसत्या बॅटऱ्यांसाठी मी गेलो नसतो. पण कडेश्वराच्या जत्रेत नीळकंठबुवा आष्टेकर कीर्तनाला उभे राहत, आणि त्यांचं कीर्तन मी मिसरूड फुटल्यापासून ऐकत आलो होतो. माझी देवावरची श्रद्धा देवळात कमी आणि बुवांच्या समोर सतरंजीवर जास्त वाढली. चौतीस वर्षं जत्रेच्या दिवशी अकराच्या ठोक्याला बुवा उभे राहत. त्यांची आरती झाल्याशिवाय पालखी उठत नसे. आणि तिथली रीत अशी, की ज्या कीर्तनकाराच्या उभं राहण्यात एक वर्ष खंड पडला, त्याची सेवा संपली.

त्या वर्षी आबांनी कार्यक्रमपत्रिका काढली होती. मी ती वाचली आणि विचारलं, "बुवांना वीसच मिनिटं?"

"शहात्तर वय आहे," आबा म्हणाले. "गेली आठ वर्षं अर्धा तास देत होतो. अर्ध्या तासात दमतात, मी बघतो ना. घाम पुसतात, पाणी मागतात. त्यांच्यानंतर एक तरुण महाराज येतायत, त्यांना एक तास दिलाय. पुढच्या वर्षापासून तेच."

"बुवांना सांगितलंत?"

"कीर्तन झालं की सांगू. आता कशाला मन दुखवायचं."

मी मान हलवली आणि बॅटऱ्या गोळा केल्या. दुसरं करण्यासारखं माझ्या हाती काही नव्हतं.

या जातीच्या बॅटरीला एक खोड असते. रोज थोडीशीच वापरली आणि लगेच पुन्हा भरली, की तिला तेवढ्याचीच सवय लागते. बाकीचं अंगात असतं, पण ती ते विसरते. नवी असताना सव्वा तास बोलू देणारी बॅटरी मग पंधरा-वीस मिनिटांत मान टाकते. उपाय सोपा पण सबुरीचा. तिला छोटा दिवा लावून अगदी रिकामी होऊ द्यायची. दिवा आधी पिवळा पडतो, मग नुसती तार लाल दिसते, तेव्हा काढायची. मग रात्रभर सावकाश भरायची. असं सहा-सात वेळा.

मोटारसायकलचे चारच छोटे दिवे मला मिळाले. ते होल्डरसकट एका फळीवर बसवले आणि वर देवळात घेऊन गेलो, कारण दिवसभर कुणाची तरी नजर राहील अशी जागा तेवढीच होती. नजर म्हणजे सगुणाक्कांची. सगुणाक्का गुरवीण. देवाची दिवाबत्ती पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घरात. त्यांना मी सगळं नीट समजावलं: आधी पिवळा, मग लाल तार, मग काढायची आणि दुसरी लावायची.

"एवढंच ना," सगुणाक्का म्हणाल्या. "दिव्याचं मला शिकवू नका, मेकॅनिक."

फळी त्यांनी उचलली आणि थेट गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी नेऊन ठेवली. तीन दिवे बेलाच्या पानासारखे मांडले, चौथा काढून माझ्या हातात दिला. महादेवापुढं चार कशाला, म्हणाल्या. मला त्यात काही गैर वाटलं नाही. उलट बरं वाटलं. बॅटऱ्यांवरही देवाची नजर राहील.

दहापैकी एक बॅटरी मात्र पहिल्या दिवशीच हाताबाहेर गेलेली निघाली. पूर्ण भरून सेटला लावली आणि बोलत बसलो तर सात मिनिटांत बंद. जीपच्या बॅटरीचा एक झटका देऊन पाहिला. तरी सातच. मी तिच्यावर लाल ऑइलपेंटनं फुली मारली आणि भंगारात टाकायला वेगळी ठेवली.

डोंगराच्या पायथ्याला भक्तनिवास होतं. बुवा जत्रेआधी तीन आठवडे तिथं येऊन राहायचे. त्यांच्या शेजारची खोली मला दिली होती. बुवांच्या खोलीला हातभर खिडकी, आणि दुपारभर वीज नसायची. दुसऱ्या दिवशी ते दारात येऊन उभे राहिले.

"मेकॅनिक, तुमच्याकडे दिवे आहेत म्हणे. मला आख्यानाची वही वाचायचीय. डोळे आता उजेड मागतात."

मी त्यांना चौथा दिवा दिला, आणि चांगली बॅटरी कशाला अडकवायची म्हणून लाल फुलीवाली जोडून दिली. म्हटलं, "बुवा, ही फार वेळ टिकायची नाही. लाल तार झाली की मला द्या, मी भरून देईन."

"विझेपर्यंत वाचतो," बुवा म्हणाले.

मार्कंडेयाचं आख्यान होतं. मृकंडू ऋषींना मूल नाही, महादेव प्रसन्न होतात, पण मुलगा सोळाच वर्षांचं आयुष्य घेऊन येतो. सोळावं लागतं आणि यम फास घेऊन दारात. मी दुपारी भिंतीपलीकडून ऐकत पडायचो. वही वाचतो म्हणायचे, पण बुवा पुरतं कीर्तन करायचे. निरूपण, पदं, मध्येच स्वतःच टाळी. वीस मिनिटांच्या कीर्तनाला एवढी तयारी कशाला, असं मनात यायचं आणि मी कूस बदलायचो.

संध्याकाळी बुवा बॅटरी आणून द्यायचे आणि हिशेब सांगायचे.

"आज बारशालाच विझला तुमचा दिवा."

मग दोन दिवसांनी, "आज पोर चालायला लागलं."

पुढच्या आठवड्यात, "आज मुंज झाली हो मार्कंडेयाची. भिक्षावळ घातली आणि विझला."

मी म्हणायचो, वा. मला वाटायचं, बुवा पाठ होत आल्यामुळे भराभर पुढं जात असतील.

इकडे वरच्या नऊ बॅटऱ्यांनी माझा जीव खाल्ला. रोज सगुणाक्का सांगायच्या, सगळ्या पाळीपाळीनं लावल्या, आणि रोज मी भरून सेटला लावल्या की वीस मिनिटं. सात फेऱ्या झाल्या. वीस मिनिटं. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत असं झालं नव्हतं. बॅटऱ्यांना देव लागलाय की काय, असंही एकदा मनात येऊन गेलं. जत्रेच्या आदल्या दिवशी मी आबांना सांगितलं, जेमतेम झाल्यात. थोडं बोला, थोडक्यात बोला, नऊ आहेत तर आलटून पालटून भागेल.

"थोडक्यात बोलायला मला कुणी शिकवायला नको," आबा म्हणाले.

जत्रेच्या दिवशी वरच्या नाक्यावर मी, म्हणजे देवळाच्या ओट्यालगतच. खालच्या नाक्यावर हणमंत, एसटीतून निवृत्त झालेला ड्रायव्हर. चांगल्या नऊ बॅटऱ्या दोघांत वाटल्या. आबांनी प्रत्येक गाडीचा क्रम कागदावर लिहून काढला होता. बुवांची जीप नऊ चाळीसला निघणार, चालवायला इलाही मुलाणी. जीपमध्येही एक सेट असावा, वर पोचताना एकदा सांगायला, असं आबांनी ऐनवेळी ठरवलं. बॅटरी उरली नव्हती. लाल फुलीची तेवढी रात्रभर भरून तयार होती.

"एवढं एक वाक्य बोलायला सात मिनिटं रगड झाली," आबा म्हणाले, आणि ती इलाहीला दिली.

आबांच्या कागदात चूक एकच होती. बुवांच्या पुढचा क्रम जत्रेतल्या मोठ्या पाळण्याच्या ट्रकचा होता. पाळण्याचं चाक उलगडून आडवं बांधलेलं. पाचव्या वळणावर ट्रक वळला, चाकाचा आरा डोंगरात रुतला, आणि ट्रक ना पुढं ना मागं. त्याच्या मागे बुवांची जीप. जीपच्या मागे अकरा गाड्या.

साडेदहा वाजता सेटमधून इलाहीचा आवाज आला. "ट्रक अडकलाय. मागच्या अकरा गाड्या एकेक करून मागं घेतल्या तर मी मागं सरकीन, मी सरकलो तर ट्रक मागं येईल, ट्रक मागं आला तर पुढं जाईल."

"बुवा चालत येतील का?" मी विचारलं.

"गुडघ्यांना विचारून सांगतो," इलाही म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "न्हाई म्हणत्यात."

अकराला पाच कमी. ओट्यावर पेटी-तबला लागलेला, मांडवात हजारभर माणूस बसलेलं. तरुण महाराज एका बाजूला उपरणं नीट करत उभे. पोरगा भला होता, आबांकडे बघून म्हणाला, "थोडं थांबू या ना." आबांनी घड्याळाकडे पाहिलं.

"अकराला उभं राहायचं म्हणजे राहायचं," ते म्हणाले. "बुवा नाहीत तर तुम्ही राहा. देवाची वेळ चुकणार नाही."

चौतीस वर्षं, आणि खंड पडणार तो पाळण्याच्या चाकामुळे. मी सेट तोंडाशी धरला.

"बुवा, अकराला दोन मिनिटं आहेत. उभे आहात का?"

बराच वेळ खरखर. मग बुवांचा आवाज, अगदी जवळून बोलल्यासारखा. "रस्त्यात उभाच आहे. काय करू?"

"बटण दाबा आणि सुरू करा," मी म्हणालो, आणि माझा सेट ओट्यावरच्या माइकपुढं धरला. नुसतं ऐकायला बॅटरी फारशी लागत नाही.

नमन सुरू झालं. कर्ण्यातून, डोंगराच्या पाचव्या वळणावरून. मांडवात आधी खळबळ झाली, लोक मान वर करून कर्ण्याकडे बघायला लागले. मग एका म्हातारीनं कर्ण्यालाच हात जोडले आणि बाकीचे सावरून बसले. पेटीवाल्यानं सूर शोधून धरला. बुवांना पेटी ऐकू येत नव्हती, त्यामुळे ते पुढं आणि पेटी त्यांच्या मागे धावत, असं चाललं होतं. तिकडे इलाही जीपच्या बॉनेटवर ठेका धरत होता, तो मात्र बरोबर होता.

आबा माझ्याजवळ आले. "हे कीर्तन धरायचं का?"

"उभे आहेत, वेळेवर आहेत," मी म्हणालो. "रीतीत आणखी काय म्हटलंय?"

आबा रीतीचा माणूस. ते मागं सरकले. पण लगेच दुसरी अडचण वर आली. या सेटना वाट एकच. एकानं बटण दाबून धरलं की दुसऱ्याला बोलता येत नाही. खाली हणमंत रांगेच्या शेपटाशी चढून आला होता आणि मधल्या वळणांवर त्यानं सेट देऊन दोन पोरं उभी केली होती, पण बुवा बोलत होते तोवर तो मुका आणि वर मी मुका. ट्रक सोडवायचा तर गाड्या मागं घ्यायला हव्यात, आणि त्या घ्यायला सांगायचं कसं?

तेवढ्यात मृकंडूला महादेव प्रसन्न झाले आणि बुवा म्हणाले, "बोला, नमः पार्वतीपते," आणि सवयीनं लोकांच्या उत्तरासाठी थांबले. बटण सुटलं. मांडवातून "हर हर महादेव" उठलं, आणि त्याच्या पाठोपाठ कर्ण्यातून हणमंतचा आवाज.

"शेवटला टेम्पो मागं घ्या. डावीकडं. अजून. बास."

आणि पुन्हा बुवा.

मग लय बसली. मूल जन्मलं, गजर, वडापची प्रवासी जीप मागं. बारसं झालं, गजर, नारळाचा ट्रॅक्टर मागं. पोर रांगायला लागलं, गजर, लग्नाची सुमो. दर गजराला एक गाडी. लोकांना आधी हसू आलं, मग तेही सरावले. सुमो मागं घेतल्याचं ऐकून तीच म्हातारी पुटपुटली, "सुटली बाई एकदाची." एकदा हणमंतला बोलायला वेळ पुरला नाही, तर बुवांनी न मागता आणखी एक गजर घातला.

वीस मिनिटं झाली. आबांनी घड्याळ माझ्यापुढं धरलं.

"बंद करा आता माइक."

मी हात जोडले. "आबा, त्यांच्या हातातली बॅटरी लाल फुलीची आहे. सात मिनिटांची धनीण. ती वीस मिनिटं चालली हीच देवाची दया. आता आपोआपच जाईल. चालतं कीर्तन तोडायचं पाप तुम्ही कशाला घेता?"

हे मी अगदी मनापासून बोललो. मला खरंच तसं वाटत होतं. आबांनाही ते पटलं. ते माझ्याशेजारी हाताची घडी घालून, बॅटरी जायची वाट बघत उभे राहिले.

पंचवीस मिनिटं झाली.

"गेली का?"

"जाईल."

पस्तीस. मार्कंडेयाची मुंज लागली.

"गेली का?"

"आता जाईलच, आबा."

तोंडानं जाईल म्हणत होतो आणि मनात महादेवाला विनवत होतो की जाऊ देऊ नको. आयुष्यात प्रथमच माझं मेकॅनिकपण आणि माझी भक्ती एकमेकांच्या विरुद्ध उभी होती, आणि मेकॅनिक हरावा असं मला वाटत होतं. बुवांचा आवाजही चढत चालला होता. गेल्या आठ वर्षांत मी त्यांचा हा आवाज ऐकलाच नव्हता. अर्ध्या तासाला ते घाम पुसायचे हे खरं, पण त्यापुढं कधी कुणी त्यांना जाऊच दिलं नव्हतं. घाम पुसून झाला की पुढं काय होतं ते आम्ही विसरलो होतो.

पंचेचाळिसाव्या मिनिटाला गजर झाला आणि कर्ण्यातून हणमंत म्हणाला, "ट्रक सुटला. रस्ता मोकळा. इलाही, बुवांना घेऊन वर जा."

आबांनी मोठा श्वास सोडला. खरोखरच थोड्या वेळानं पाळण्याचा ट्रक धुरळा उडवत नाक्यातून आत आला. त्याच्या मागे जीप मात्र आली नाही. पुढच्या गजराला इलाहीचा आवाज आला.

"बुवा यायचं न्हाई म्हणत्यात. मार्कंडेय चौदाचा झालाय."

"त्यांना म्हणावं, जीपमध्ये बसून बोला," आबा माइकजवळ तोंड नेऊन म्हणाले. मांडवातल्या हजार माणसांनी ते ऐकलं. पण गजर संपला होता, आणि बुवांनी बटण दाबलं होतं.

पुढच्या गजराला पुन्हा इलाहीच बोलला. "मधला हार झालाय. मी जीपच्या बॉनेटवरचा झेंडूचा हार घातला त्यास्नी. बुक्का नव्हता म्हणून अंगारा लावला. आता आरतीपातूर जागा सोडता येत न्हाई. तुम्हांस्नी ठावं हाय, आबा."

आबांना ठाऊक होतं. सगळ्यांना ठाऊक होतं. कीर्तनाच्या मध्यावर हार गळ्यात पडला की कीर्तनकार उभ्या जागेवरून हलत नाही. मोकळा झालेला घाट पुन्हा बंद झाला होता, आणि तो आता कीर्तनानं. वर निघालेल्या गाड्या बुवांच्या मागे थांबल्या, आणि नंतर कळलं की त्यांतली माणसं उतरून रस्त्यातच बसली होती.

एक तास झाला. आबांनी विचारणं सोडून दिलं होतं. सोळावं वर्ष लागलं. यम रेड्यावर बसून निघाला. मार्कंडेयानं पिंडीला मिठी मारली. मांडवात कुणी खोकत नव्हतं. यमानं फास गरगर फिरवला, वर उचलला, आणि...

कर्णा मुका झाला.

मी सेटवरची काच पुसली, उगाचच. घड्याळात एक तास अकरा मिनिटं झाली होती.

"आता गेली," मी म्हणालो.

मांडवातलं कुणीही उठलं नाही. शेवट सगळ्यांना पाठ होता, तरी फास तसाच वर राहिला होता, आणि त्याखालून उठून जायची कुणाची तयारी नव्हती. तरुण महाराजही जागचे हलले नाहीत. त्यांचे डोळे ओले होते. आबांनी घड्याळ मनगटावरून काढलं, खिशात टाकलं आणि गुरवाला विचारलं, "आरती कुठं होते?"

"कीर्तनकार उभा असंल तिथं."

"मग बघता काय? पालखी उचला."

कडेश्वराच्या इतिहासात प्रथमच पालखी आरतीच्या आधी उठली. ढोल, अब्दागिरी, पेटी डोक्यावर घेतलेला पेटीवाला, मागे हजार माणूस, असे आम्ही घाट उतरत गेलो. पाचव्या वळणावर, रस्त्याच्या मधोमध, झेंडूचा हार घालून बुवा उभे होते. हात वर, जसा फास उचललेला. भोवती ट्रॅक्टरवाले, सुमोतलं वऱ्हाड, सगळे मांडी घालून.

"आलात का," बुवा म्हणाले. "सेटवरचा तांबडा ठिपका गेला तसा मी थांबलो. तुम्हांला सोडून पुढं कसा जाऊ? यमाला ताटकळत ठेवलाय इथं."

मग उघड्या आवाजात, माइक नाही, सेट नाही, त्यांनी उरलेलं आख्यान सांगितलं. फास पिंडीवर पडला, पिंड फाकली, महादेव उभे राहिले. आरती झाली. आबांनी स्वतः बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं. काही तरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं, पण बुवांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"आबा, पत्रिका मी वाचली होती. पुढच्या वर्षी बोलवायचं नसेल तर बोलावू नका, माझं काही म्हणणं नाही. पण बोलावलंत तर वेळ सांगू नका."

आबांनी मान डोलावली. पालखीच्या भोयांना त्यांनी पुढं व्हायची खूण केली आणि स्वतः बुवांचा हात धरून जीपपाशी नेलं.

मी मात्र रस्त्याच्या कडेला ती बॅटरी हातात घेऊन बसलो होतो. गरम होती. फुली थोडी खरवडली होती. सात मिनिटांची बॅटरी सव्वा तासाला येऊन टेकली, आणि देवापुढं ठेवलेल्या नऊ वीस मिनिटांवर अडल्या, हे मला कुठल्याच बाजूनं जुळेना. सगुणाक्का आरतीचं तबक घेऊन जवळ आल्या. मी त्यांना विचारलं, "आक्का, खरं सांगा. लाल तार होईपर्यंत ठेवत होता ना?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी काही तरी भलतंच विचारलंय.

"लाल?" त्या म्हणाल्या. "मी जरा पिवळा पडला की लगोलग काढायची आन्‌ भरलेली लावायची. देवाम्होरचा दिवा कुणी विझू देतं व्हय, मेकॅनिक?"

मी आरती घेतली.

बुवा त्यानंतर सहा वर्षं उभे राहिले. एकदा तर दोन तास वीस मिनिटं, आणि आबा पहिल्या रांगेत, मनगट मोकळं. तरुण महाराज त्यांच्या मागे झांज घेऊन उभे राहायचे. आता तेच सेवा करतात. पालखी अजूनही पाचव्या वळणावर येऊन थांबते. नव्या लोकांना कारण ठाऊक नाही.

पुढच्या वर्षी मी पुन्हा जत्रेआधी तीन आठवडे गेलो. या खेपेला फळी गाभाऱ्याशी नव्हती. सभामंडपाच्या कोपऱ्यात, देवाकडे पाठ करून मांडली होती, आणि तिच्याजवळ सगुणाक्का वाती वळत बसल्या होत्या. तीन दिवे. त्यातल्या एकाची नुसती तार लाल दिसत होती. दर्शनाला आलेली एक बाई थबकली, हळहळली, आणि तेलाची पळी शोधायला इकडंतिकडं बघू लागली.

सगुणाक्कांनी मान वर न करता तिला अडवलं.

"हात लावू नगंस बाई," त्या म्हणाल्या. "विझायला घातलाय तो."